एकसष्टच्या वळणावरचा डबा

धम्मानंद सुखदेवे यांच्या घरात एक वाक्य सव्वीस वर्षांपासून मुक्कामाला आहे. "डबा सरळ होता," हे ते वाक्य. घरातल्या फ्रिजपेक्षा ते जुनं आहे आणि त्याच्यासारखं अधूनमधून आपोआप सुरू होतं. मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांना पोह्यांच्या आधी ते मिळालं होतं. लग्न तरीही जमलं.

धम्मानंदांनी छोट्या लाइनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, वर्कशॉपात छत्तीस वर्षं काढली. आधी खलाशी, म्हणजे रेल्वेतला मदतनीस, मग सुतार, मग परीक्षा देऊन टीएक्सआर, म्हणजे गाडी सुटण्याआधी हातोडी घेऊन डब्यांखाली वाकणारा माणूस. चाक वाजवायचं, स्प्रिंग बघायची, कागदावर 'फिट' लिहून सही करायची. सरकारी मराठीत मालडब्याला वाघीण म्हणतात. पण वर्कशॉपात कुणी वाघीण दुरुस्त केल्याचं ऐकिवात नाही, सगळे डबेच दुरुस्त करत.

सव्वीस वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात त्यांनी 'फिट' लिहिलेल्या गाडीतला एक डबा, लाकडी अंगाचा, चार चाकांचा, नंबर ११४३, एकसष्टाव्या किलोमीटरच्या वळणावर रुळावरून उतरला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त तांदळाची चाळीस पोती नाल्यात गेली आणि त्यांच्याबरोबर धम्मानंदांचं नाव.

डबा घसरला की रेल्वेत एक विधी असतो. त्याला जॉइंट नोट म्हणतात. घसरलेल्या वस्तूंना कुणी हात लावायच्या आत डब्यावाल्यांचा एक माणूस आणि लाइनवाल्यांचा एक माणूस शेजारी बसून सगळं मोजतात आणि एकाच कागदावर सही करतात. डब्यावाला सिद्ध करतो की लाइन वाकडी होती, लाइनवाला सिद्ध करतो की डबा वाकडा होता, आणि वरचा साहेब ज्याचं अक्षर चांगलं त्याचं खरं मानतो. त्या दिवशी लाइनीकडून गोपाळराव पोतनीस होते. त्यांचं घराणं नागपूरच्या महालातलं, भोसल्यांच्या काळापासून लिहिण्याचंच काम करणारं. अक्षर मोत्यासारखं. निकाल लागला: डबा पिळलेला होता, एक चाक रुळावर नीट टेकत नव्हतं. धम्मानंदांचं प्रमोशन तीन वर्षं थांबलं. वर्कशॉपातल्या लोकांनी त्यांचं नावच 'एकसष्ट' ठेवलं. "ए एकसष्ट, चहा घेते का?" इथपर्यंत.

धर्मांतरानंतर दोन वर्षांनी जन्मलेल्या मुलाला बापाने मोठ्या हौसेनं धम्मानंद नाव दिलं होतं. त्या नावाच्या जागी किलोमीटरचा दगड यावा, याचं दुःख प्रमोशनपेक्षा मोठं होतं. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. त्याऐवजी ते म्हणत, डबा सरळ होता.

मागच्या दिवाळीत गोपाळरावांचा फोन आला.

गोपाळराव आता चौऱ्याहत्तरचे. महाल सोडून सदरमध्ये मुलाच्या बंगल्यात राहायला आलेले. पत्नी गेल्यावर त्यांनी बंगल्याच्या आवारात लाइन टाकली. रुळांमधलं अंतर पाच इंच, पूर्ण फेरा दीडशे फुटांचा, खाली खरी बारीक गिट्टी, लाकडी स्लीपर, बॅटरीवर चालणारं इंजिन आणि मागे माणूस बसेल अशा दोन ट्रॉल्या. लोक म्हातारपणी नातवंडांना फिरवतात. गोपाळराव नातवंडांच्या नावाखाली स्वतः फिरत. दरवर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी छोट्या लाइनीचे निवृत्त लोक तिथे जमत. धम्मानंद एकदाही गेले नव्हते.

"सुखदेवे, तुमचा हात अजून चालतो का?" फोनवर गोपाळराव म्हणाले.

"चालते न, साहेब."

"एक मालडबा पाहिजे. लाकडी, चार चाकांचा. प्लास्टिकचे मिळतात, पण ते बघून मला ताप भरतो. मेच्या रविवारी सगळे येतील तेव्हा चालवू."

"पाहतो," असं म्हणून धम्मानंदांनी फोन ठेवला. पाचव्या दिवशी माळ्यावर चढून त्यांनी फाईल काढली. चौकशीची, तपकिरी पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली, पुठ्ठ्यावर गोपाळरावांची सही असलेली.

हिशेब सोपा होता. छोट्या लाइनीच्या रुळांत तीस इंच अंतर असायचं, गोपाळरावांच्या रुळांत पाच. म्हणजे सहापट लहान. फुटाचे दोन इंच. पंधरा फुटांचा डबा तीस इंचांचा होणार. स्वतःच्या लग्नाची तारीख धम्मानंदांना बायकोला विचारावी लागते, पण ११४३ची मापं कुणालाच विचारावी लागली नाहीत.

नंबरही तोच टाकायचा, हे त्यांनी ठरवून टाकलं. त्याच माणसाच्या आवारात, त्याच्याच लाइनीवरून, सगळ्या जुन्या लोकांसमोर ११४३ वळणावरून सरळ निघून जाणार. यातून नेमकं काय सिद्ध होणार, हे कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. म्हणूनच त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

इंदोऱ्यात त्यांच्या गल्लीत एक जुनं घर पडत होतं. त्याची सागवानी चौकट त्यांनी मागून आणली. हिवाळाभर तिच्या पट्ट्या कापल्या. खऱ्या डब्याची सहा इंची फळी इथे एक इंचाची. एका बाजूला बारा, दुसऱ्या बाजूला बारा. बोल्टांची डोकी म्हणून पितळी चुकांची डोकी छाटून ठोकली. स्प्रिंगा हॅकसॉच्या जुन्या पात्यांच्या, एकावर एक चार पाती, लांब-आखूड. चाकं हिंगण्याच्या ताराचंदने लेथवर काढून दिली. त्याने विचारलं, "इतक्या बारीक चाकाले इतकं माप काहून पाहिजे?" धम्मानंदांनी चाकाची कडा, जी डब्याला रुळावर धरून ठेवते ती, बरोबर दीड सूत ठेवायला सांगितली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नागपुरातला सुतार मिलिमीटर वाचतो, पण विचार सुतातच करतो.

एप्रिल लागला तसा गच्चीवर बसणं अशक्य झालं. काम समोरच्या खोलीत, कूलरपुढे आलं.

नागपुरात उन्हाळ्यातलं नवरा-बायकोचं भांडण कूलरच्या आवाजावरून ओरडून करावं लागतं, त्यामुळे ते गल्लीला आपोआप कळतं.

"हा भुसा कूलरच्या ताटीत जाऊन राहिला!" जयाबाई ओरडल्या. "पाणी चहासारखं झालं, पाहा!"

"मंग बंद कर कूलर!"

"चव्वेचाळीस हाये बाहेर! तुमी अन् तुमचा डबा वाळा, मी नाई वाळत!"

कूलर चालू राहिला. सकाळी नऊपासून डब्याच्या डाव्या अंगाला खसाचा ओला वारा लागत होता. सांगाडा तिथेच जुळला, फळ्या तिथेच बसल्या, डिंकही तिथेच सुकला. धम्मानंद डब्याच्या आत, जिथे कुणाचा हात जाणार नाही तिथे, वजनाची छोटी पाटी रंगवत बसले होते. जयाबाई सोलत असलेले कांदे घेऊन बघायला आल्या.

"आतून कोण पाहते हे?"

"टीएक्सआर पाहते."

"टीएक्सआर तं तुमीच."

"मंग? लय वाईट माणूस हाये तो."

जयाबाईंना हसू आलं. पण त्यांनी नंबर वाचला होता. एक, एक, चार, तीन. त्या कांदे घेऊन आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मेच्या त्या रविवारआधीच्या शुक्रवारी धम्मानंदांनी जुन्या टेबलाची काच फरशीवर ठेवली, तिच्यावर डबा ठेवला, आणि प्रत्येक चाकाखाली सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद सरकवला. चारही कागद ओढून पाहिले. एकही निघाला नाही. चारही चाकं काचेला सारखी चिकटून.

"डबा सरळ हाये," ते म्हणाले. सव्वीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा वर्तमानकाळात आलं.

वर्कशॉपात त्यांना सुतारकाम भैय्याजी मिस्त्रींनी शिकवलं होतं. मिस्त्रींचा एक नियम होता: लाकूड जिथं काम करणार, तिथं त्याला महिनाभर ठेवायचं, मगच शेवटचं माप घ्यायचं. पण तो नियम पाळायची वेळ तिथे कधी आलीच नाही. वर्कशॉपाचं छप्पर पत्र्याचं, आत आणि बाहेर तापमान सारखंच, त्यामुळे लाकूड जन्मापासून लाइनीवरच असल्यासारखं. कूलरची मागणी युनियनने तीनदा केली होती. ती मंजूर झाली असती तर धम्मानंदांना नियम लक्षात राहिला असता.

रविवारी डबा चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन ते ऑटोने निघाले. फाईल पिशवीत होती. ती कशाला घेतली, हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही.

"मी येऊ का?" जयाबाईंनी दारात विचारलं.

"काहून? डबा घसरते का पाहाले?"

"तुमी घसरता का, ते पाहाले."

त्या आल्या नाहीत.

अकरा वाजता सदरच्या बंगल्याचं फाटक गोपाळरावांच्या सुनेने, नंदिनीने, उघडलं. तिच्या हातात पाण्याचा पाइप होता. मोगऱ्याच्या वाफ्यातून पाणी लाइनीच्या कडेपर्यंत वाहत होतं. गोपाळराव टोपी घालून इंजिनाशेजारी उकिडवे बसले होते. धम्मानंदांनी चादर सोडली. गोपाळरावांनी डब्याकडे पाहिलं. मग नंबराकडे.

"अक्षर चांगलं काढलंय," शेवटी ते म्हणाले.

"आठवते का साहेब?"

"विसरायला काय झालं?"

मग त्यांनी चहा मागवला आणि दोघं पोर्चमध्ये, एकमेकांकडे न बघता, चहा प्यायले. इंजिनाची बॅटरी भरायला दीड तास लागणार होता. डबा तेवढा वेळ आवारात उन्हात होता. धम्मानंदांना तिथून उठून त्याला सावलीत ठेवावंसं वाटलं, पण मालडब्याला सावलीत ठेवायचं म्हणजे गोपाळरावांना हसायला कारण देणं. ते बसून राहिले.

साडेबाराला त्यांनी डबा रुळांवर ठेवला. सवयीने तळहात एका कोपऱ्यावर टेकवून दाबला.

टक.

इतका बारीक आवाज की तो कानाने नाही, हातानेच ऐकला. त्यांनी तळहात उचलला. पुन्हा दाबला. टक. पुढचं डावं चाक रुळावर टेकत नव्हतं. कूलरकडची बाजू. ओल्या वाऱ्यात फुगलेली फळी दीड तासाच्या उन्हाने आकसली होती आणि सांगाडा आपल्याबरोबर ओढून घेऊन गेली होती. किती? हाताने अंदाज घेतला. एक सूत.

कडा दीड सुताची. अर्धा सूत कडा अजून रुळाला धरून आहे. अर्ध्या सुतावर डबा जातो. सरळ चांगल्या लाइनीवर जातो. हे सगळं त्यांच्या डोक्यात एका श्वासात झालं, आणि त्याच श्वासात त्यांना कळलं की असं बोलणाऱ्या माणसाला त्यांनी छत्तीस वर्षांत एकदाही माफ केलं नव्हतं. हाताखालच्या कुणी 'अर्धा सूत हाये, जाईन साहेब' म्हटलं असतं तर त्यांनी त्याची हातोडी काढून घेतली असती.

गोपाळरावांचं लक्ष इंजिनाच्या वायरींत होतं. वर न बघता त्यांनी विचारलं, अगदी जुन्या सुरात, "फिट?"

साडेपाचला चाळीस माणसं येणार होती.

"फिट," धम्मानंद म्हणाले.

इंजिन सुटलं. पहिला सरळ भाग गेला. ११४३ चालत होता, दार बंद, चारही कोपरे ताठ, खऱ्या डब्यासारखा जरा डुलत. धम्मानंद लाइनीच्या शेजारून चालत होते, मान वाकवून, एकाच चाकाकडे बघत. पहिलं वळण आलं. चाक रुळापासून सुटल्यासारखं झालं आणि पुन्हा टेकलं. त्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यात गेला, पण त्यांनी पुसला नाही. वळण संपलं. मागचा सरळ भाग. मग मोगऱ्याजवळचं वळण.

तिथे पुढचं डावं चाक रुळावर चढलं, क्षणभर वरून चाललं, जणू विचार करत, आणि बाहेरच्या बाजूला उतरलं. डबा खडखडला, कलला आणि गिट्टीत टेकला.

"हात नका लावू!" दोघं एकदम ओरडले.

नंदिनी पाइप टाकून धावत आली. "बाबा, काय झालं? लागलं का कुणाला?"

"काही नाही. तू आत जा," गोपाळराव म्हणाले. "आणि आधी तो नळ बंद कर."

दुपारचा एक. पंचेचाळीस अंश. दोन म्हातारे गिट्टीत गुडघे टेकून, डब्याच्या दोन बाजूंना. गोपाळरावांनी खिशातून लेव्हल काढली. ती खिशात असणारच होती. रुळांवर आडवी ठेवली, डोळे बारीक केले, सरकवली, पुन्हा ठेवली. मोगऱ्याच्या पाण्याने खालची माती बसली होती. बाहेरचा रूळ सांध्यावर दबला होता.

"अर्धा सूत," गोपाळराव म्हणाले.

धम्मानंदांच्या डोक्यात बेरीज झाली: डब्याचा एक आणि लाइनीचा अर्धा, दीड. कडाही दीड. एवढा सोपा हिशेब त्यांनी आयुष्यात केला नव्हता.

गोपाळरावांनी लेव्हल खाली ठेवली. टोपी काढली. "लिहून घ्या, सुखदेवे. लाइन अर्धा सूत खाली. डबा घसरला तो लाइनीमुळे." थोडं थांबून ते म्हणाले, "मी सही करतो."

हेच ते. सव्वीस वर्षं ज्या वाक्यासाठी त्यांनी दुसरं वाक्य जपलं, ते असं समोर आलं होतं, न मागता, त्याच माणसाच्या तोंडून. पिशवीत फाईल होती. फाईलमध्ये कोरा कागदही होता. डबा अजून कुणी उचललेला नव्हता. उचलून सपाट फरशीवर ठेवला तर त्याचं चाक गोपाळरावांना दिसलं असतं. तसाच चादरीत गुंडाळला, तर कुणाला काही कळणार नव्हतं. घरी नेऊन स्प्रिंगखाली पॅकिंग टाकलं असतं आणि वाक्य पुढच्या सव्वीस वर्षांसाठी पक्कं झालं असतं.

धम्मानंदांनी पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाले, "थांबा साहेब. डबा मोजाचा राहिला."

"कशाला? लाइन सापडली ना?"

"जॉइंट नोट हाये न. दोन्ही मोजा लागते."

त्यांनी डबा उचलून पोर्चच्या फरशीवर ठेवला. तळहात टेकवला. टक. या वेळी आवाज दोघांनी ऐकला. गोपाळरावांनी खाली वाकून चाकाखाली नख घातलं.

"एक सूत," धम्मानंद म्हणाले. "मले साडेबारालेच मालूम होतं. तुमी इचारलं फिट, मी म्हटलं फिट."

गोपाळराव पोर्चच्या पायरीवर बसले. बराच वेळ त्यांनी टोपी गुडघ्यावर फिरवली.

"एकसष्टला," ते म्हणाले, "तुम्ही ट्रॉलीने पोचायच्या आधी मी मजुरांच्या गँगकडून, लाइन वर यावी म्हणून, गिट्टी मारून घेतली होती. वळणाखाली."

"मालूम हाये. नवी गिट्टी पांढरी दिसत होती. जुनी काळी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो न. तुमचं अक्षर चांगलं होतं."

गोपाळरावांनी टोपी गुडघ्यावरून उचलून बाजूला ठेवली.

"किती होतं?" धम्मानंदांनी विचारलं. हाच प्रश्न होता. बाकी सगळं त्याच्याभोवतीचं पॅकिंग. "किती खाली होती लाइन?"

"मोजलं नाही." गोपाळरावांनी मान वर केली नाही. "मोजलं असतं तर लिहावं लागलं असतं."

धम्मानंदांना वाटलं होतं, हे ऐकल्यावर आत काहीतरी मोकळं होईल. तसं झालं नाही. त्याऐवजी त्यांना ऑगस्टातली ती सकाळ आठवू लागली. पाऊस होता. ११४३खाली चिखल होता. त्यांनी हातोडी मारली होती, स्प्रिंग बघितली होती. बघितली होती का? ही गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितली होती की आता आठवत होतं ते सांगणं. सकाळ आठवत नव्हती. डबा सरळ होता. कदाचित. अर्ध्या सुताचा फरक त्यांनीही त्या दिवशी पावसाला सोडून दिला असेल. नसेलही. मोजलेलं काहीच उरलं नव्हतं.

"चला," ते म्हणाले. "साडेपाचले लोक येतीन."

डबा तीन तास उन्हातच ठेवला. लाकडाला जे काय करायचं ते करून घेऊ दिलं. भैय्याजी मिस्त्रींचा महिना तीन तासांत बसवला, पण बसवला. गोपाळरावांनी सांध्याखाली दगडी पाटीचे तुकडे सारून रूळ वर घेतला आणि तीनदा लेव्हल लावली. चार वाजता धम्मानंदांनी डबा उलटा केला. डाव्या पुढच्या स्प्रिंगखाली एक सूत जाड काहीतरी हवं होतं. लाकूड पुन्हा आकसेल. कागद दबेल. रबर उन्हात वितळेल. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग पिशवीतून फाईल काढली. सरकारी फाईलचा पुठ्ठा सव्वीस वर्षं काही न करता पडून राहू शकतो, आणि त्यावर कशाचाच परिणाम होत नाही. त्यांनी त्याची एक पट्टी कापली, दोन घड्या घातल्या, आणि स्प्रिंगखाली बसवली. बरोबर एक सूत.

"हे माझ्या सहीवरून कापलंत," गोपाळराव वाकून म्हणाले.

"तिथीच जाड होतं साहेब."

साडेपाचला लोक आले. निवृत्त ड्रायव्हर, गार्ड, एक माजी स्टेशन मास्तर, आणि काठी टेकत रामाजी, जे वर्कशॉपात धम्मानंदांच्या शेजारच्या बाकावर होते. नंदिनीने कचोऱ्या आणि पन्हं ठेवलं. इंजिन सुटलं. धम्मानंद उभे होते, हात पाठीमागे, नजर एका चाकावर. मोगऱ्याच्या वळणावर ११४३ आला. चाक रुळाला लागून राहिलं. डबा वळणातून गेला, जसे डबे जातात तसा, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या फेरीलाही गेला. तिसऱ्या फेरीपर्यंत लोक कचोऱ्यांकडे वळले होते.

"अरे, हा तं एकसष्टचा!" रामाजींनी नंबर वाचला. "अबे, ११४३ बनवून आणला का गा? वा रे वा!"

गोपाळराव पुढे झाले. त्यांचा आवाज जरा चढला होता, म्हाताऱ्या माणसाचा भाषणाला लागल्यावर चढतो तसा. "ऐका सगळे. एकसष्टला लाइन मोजली नव्हती. मी मोजली नव्हती. नोटमध्ये जे लिहिलं ते अर्धंच होतं. इतकी वर्षं या सुखदेवेंना..."

"माहीत हाये न साहेब," रामाजी म्हणाले. कचोरी चावत. "तवाच माहीत होतं. गिट्टी कोणं टाकली ते गँगवाल्यानं दुसऱ्या दिवशीच सांगितलं होतं. सगळ्या वर्कशॉपले मालूम होतं."

गार्डने मान हलवली. स्टेशन मास्तरांनीही.

धम्मानंद रामाजींकडे बघत राहिले. "मंग मले एकसष्ट काहून म्हणता?"

"तूच तं सांगत राहते ना!" रामाजींना खरंच आश्चर्य वाटलं. "चहाले एकसष्ट, जेवाले एकसष्ट. कोणाच्या मयतीले गेलं तरी एकसष्ट. लोकं म्हणत, तो पाहा, एकसष्ट येऊन राहिला, पळा. डब्याचं नाई गा ते. तुह्या तोंडाचं हाये."

हशा झाला. वाईट नव्हता. धम्मानंदांनाही हसणाऱ्यांत सामील व्हावं लागलं, कारण दुसरी जागा नव्हती. गोपाळरावांचं भाषण मध्येच राहिलं. त्यांनी ते पन्ह्याच्या पेल्यात संपवलं.

डबा गोपाळरावांकडेच राहिला. सात वाजता, उजेड होता तोवरच, धम्मानंद रिकामी चादर घेऊन घरी आले. जयाबाई कूलरच्या टाकीत पाणी भरत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"गेला का?"

"गेला."

"एका दमात?"

धम्मानंदांनी चादरीची घडी घातली. मग उलगडली आणि पुन्हा नीट घातली. "पयले घसरला. लाइन अर्धा सूत खाली होती."

जयाबाईंच्या हातातली बादली थांबली. त्या पुढचं वाक्य येण्याची वाट बघत होत्या. ते त्यांना पाठ होतं.

"अन् डबा एक सूत वाकडा होता," धम्मानंद म्हणाले.

बादली तशीच राहिली. जयाबाई वळल्या. सव्वीस वर्षं पंख्यासारखा चालणारा आवाज अचानक थांबला की माणूस वर बघतो, तशा त्या बघत होत्या.

"कशानं?"

"कूलरनं. हे अंग वाऱ्यात होतं. उन्हात जाऊन आकसलं."

"म्हणजे चूक माझ्या कूलरची."

"नाई वं," धम्मानंद म्हणाले. "कूलरच्या खोलीत बसून माप कोणं घेतलं?"

जयाबाईंनी उरलेलं पाणी टाकीत ओतलं, झाकण लावलं, हात पदराला पुसले. "मंग आता काय करता?"

"काई नाई. बस."

"कूलर लावू का?"

धम्मानंदांनी जरा विचार केला. खोलीत आता फुगण्या-आकसण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"लाव," ते म्हणाले.